तीन नंबरचा पॉट

येमूलच्या दुकानात भाड्याचे पाच पॉट होते.
आमच्या वाट्याला हमखास तीन नंबरचा यायचा,
झाकणाला पोचा,
बादलीची एक पट्टी सुटलेली, तिला तारेचा वेढा.
तासाला दोन रुपये.
अण्णा म्हणायचे, "चालतंय की,
आपल्याला काय वरातीत मिरवायचाय?"

बुधवारी वीज बंद,
म्हणजे माग बंद,
म्हणजे आइस्क्रीम.

अशोक चौकाच्या पुढून बर्फ यायचा,
कॅरिअरवर पोत्यात गुंडाळलेली अर्धी लादी,
आणि सायकलच्या मागं अनवाणी श्रीहरी
ठिबकत्या रेषेवर, ती वाळायच्या आत
पाऊल टाकत पळतोय.
मे महिना. त्रेचाळीस, चव्वेचाळीस.
सोलापुरात आकडा सांगताना
कुणी अंश म्हणत नाही.

आईनं दूध पहाटेच आटवलेलं.
कस्टर्ड, वेलदोडा, दोन पायरी आंबे,
कोया मात्र राजव्वा अत्तासाठी राखून.
ती दारात बसून चोखायची
आणि तेलुगूत बर्फवाल्याला शिव्या द्यायची,
खडे मीठ मूठमूठ पेरताना
आई नुसती हसायची.

मी सगळ्यांत जड नव्हते,
पण एका जागी बसायची मीच.
म्हणून पॉटवर मला बसवत.
खाली चादरीची घडी, आमच्याच मागावरची,
मोराच्या मानेत धागा चुकला
म्हणून घरातच राहिलेली.
वरून ऊन, खालून हिवाळा,
मधे मी.

अण्णा हँडल फिरवायचे.
मागाच्या खडखडाटानं कान तेव्हाच गेलेले,
ऐकायचं काम मनगट करी.
"अजून दूधच हाय."
मग, "खीर झाली."
मग बराच वेळ काही नाही,
आणि एकदम,
"आता लागतंय हाताला."

त्या बुधवारी ते खिरीपर्यंत पोचले
आणि सुताचा व्यापारी दारात आला.
अण्णा उठले. सदरा घातला.
फाटकाशी दोघं उभे,
व्यापारी बोलतोय, अण्णा खाली बघतायत,
चपलेनं एक खडा इकडून तिकडे, तिकडून इकडे.
आई आत. श्रीहरी मोरीत पाय धूत.

मी घडी सरकवली.
झाकण उचललं.
बोटभरच चाखलं, देवाशपथ.
झाकण परत बसवलं तर पोच्याच्या बाजूनं
खारं पाणी चुळुक करून आत गेलं.
मी वर बसले. जास्तच जड होऊन बसले.

संध्याकाळी वाट्या भरल्या.
पहिला चमचा सगळ्यांनी एकदमच तोंडात घातला
आणि कुणी कुणाकडं बघितलं नाही.
राजव्वा अत्ता म्हणाली, "समुद्र असाच लागत असेल का रे?"
आमच्यात समुद्र कुणीच बघितला नव्हता.
श्रीहरी थुंकणार होता.
अण्णांनी वाटी चाटूनपुसून खाली ठेवली, म्हणाले,
"खाल्लंय ना? आता खाल्ल्या मिठाला जागा."
मग आईला हसू फुटलं ते थांबेचना,
आणि डोळे पुसताना ती म्हणाली,
पॉटच फुटका हाय मेला.

पुढं दोन वर्षांनी माग विकले.

परवा, फ्रीजमधला डबा उघडून
अण्णांना भरवता भरवता
कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं,
"ते झाकण मी उघडलं होतं."
तिसऱ्यांदा सांगितल्यावर पोचलं.

त्यांनी हवेत मनगट फिरवलं,
एक वेढा, दुसरा, अर्धा.
"फाटकावरनं आलो," म्हणाले,
"तेव्हाच हँडल सैल लागलं.
म्हटलं, आज एकाची बोलणी खाल्लीत,
आता पोरीला कशाला."

चमच्यावरचं वितळून माझ्या बोटांवर आलं.
त्यांनी तोंड उघडं ठेवलं होतं,
पुढच्या घासासाठी.
मग मिटलं, आणि विचारलं,
"अर्धी लादी आता केवढ्याला मिळते गं?"